टिकलीआडचा ठिपका

महादेव पाटणकरांना लोकांना आभाळ दाखवायचा भारी सोस. नवीन पनवेलात सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची नोकरी, आणि वरची गच्ची म्हणजे जणू यांच्या नावावर करून दिलेली. गच्चीच्या किल्लीवरून सोसायटीत कितीदा भांडणं झाली, पण किल्ली शेवटी पाटणकरांच्याच जानव्याला. दुर्बीण त्यांनी स्वतः घडवली होती. रॉकेलच्या रिकाम्या पिंपावर एक जाड काच ठेवायची, वर दुसरी काच, मध्ये वाळूसारखी भुकटी आणि पाणी, आणि पिंपाभोवती गोल गोल फिरत घासत राहायचं. अख्खा उन्हाळा गृहस्थ पिंपाला प्रदक्षिणा घालत होता. खालच्या बाईंनी रमाताईंना बाजूला घेऊन विचारलं होतं, "मिस्टरांचं काही बिघडलंय का हो?"

बिघडलं नव्हतं, आरसा झाला होता. शहाऐंशी साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा अर्धं पनवेल त्या गच्चीवर लोटलं. दिसला काय, तर कापसाचा धुरकट बोळा. पण लोक म्हणाले "वा वा", आणि त्या दिवसापासून ते 'दुर्बीणवाले पाटणकर' झाले. दर कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आणि चंद्र. पोरंटोरं रांगेत, पाटणकर शिडीवर उभे राहून ओरडणार, "नळ्याला हात लावू नका रे!" माणूस तेवढ्यावर सुखी होता.

म्हणजे अगदीच सुखी नव्हता. एक शल्य होतं. पनवेलात विश्वजीत नावाचे गृहस्थ एक साप्ताहिक चालवायचे आणि त्याच्याच जोडीला एक सांस्कृतिक मंडळ. त्या मंडळाला सत्काराची हौस. बँकेचा मॅनेजर बदलून गेला, घाला शाल. कुणाची पोरगी बोर्डात आली, घाला शाल. गटाराचं झाकण बसवलं म्हणून नगरसेवकालासुद्धा शाल-नारळ झाला. पाटणकर प्रत्येक सत्काराला जायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी येऊन धुसफुसायचे.

"अहो, तुम्हाला शाल हवी असेल तर मी आणते की बाजारातून," रमाताई म्हणायच्या.

"तसली नको," पाटणकर म्हणायचे.

आता ती टिकलीची गंमत सांगायलाच हवी. जवळच्या ताऱ्यांभोवती आपल्यासारखे ग्रह असतील का, आणि असले तर ते डोळ्यांनी दिसतील का, हे पाटणकरांच्या डोक्यात घुसलेलं खूळ. अडचण एकच. तारा इतका झगझगीत की शेजारचा मिणमिणता ग्रह त्यात बुडून जातो. गोवा रोडवर समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांमुळे बाजूचा सायकलवाला दिसत नाही ना, तसं. पण हात आडवा धरून दिवा झाकला की सायकलवाला दिसतो. मग तारा झाकायचा कशानं? पाटणकरांनी रमाताईंच्या पाकिटातली सगळ्यात बारीक काळी टिकली उचलली, काचेच्या एका पातळ पट्टीवर मधोमध चिकटवली आणि ती पट्टी दुर्बिणीत डोळा लावतात तिथे आत बसवली. नळा नेमका धरला की तारा टिकलीमागे जायचा आणि भोवतीचा काळोख मोकळा व्हायचा. कल्पना झकासच होती, त्यात वाद नाही. मोठमोठ्या वेधशाळांतही तारा झाकूनच बघतात, हे त्यांनी पुढे कुठल्याशा मासिकात वाचलं आणि तो अंक छातीशी धरून घरभर फिरले.

आणि एकोणनव्वदच्या हिवाळ्यात, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात, त्यांना ठिपका दिसला. दक्षिणेला खाली एक एकटाच तेजस्वी तारा असतो, फोमलहॉट. अरबी लोकांनी त्याला माशाचं तोंड म्हटलेलं. पंचवीसेक प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे आभाळाच्या हिशेबानं शेजारीच. तो टिकलीमागे गेला आणि टिकलीच्या उजव्या अंगाला एक इवलासा ठिपका. पाटणकर जिन्याच्या तोंडाशी धावले. "रमा! अगं, रमा! ग्रह!" रमाताई पोळ्या टाकून पिठाच्या हातानं वर आल्या, डोळा लावला आणि म्हणाल्या, "ही माझी टिकली. आणि हा ठिपका. दिसला बाई."

आठवडाभर पाटणकर जमिनीवर नव्हते. सत्काराला काय बोलायचं तेही ठरलं होतं. मग एका संध्याकाळी पट्टीचा गोंद सुटला, त्यांनी ती पुन्हा बसवली, पण जरा फिरून बसली. आणि ठिपका उजवीकडून उडी मारून खाली आला. पट्टी आणखी फिरवली, ठिपका डावीकडे. ताऱ्याचा ग्रह काही काचेच्या तालावर नाचत नाही. ठिपका आभाळात नव्हताच, तारा त्या पट्टीतच दोनदा उमटत होता आणि त्याचं दुसरं रूप टिकलीच्या बाहेर पडत होतं. पाटणकर खाली आले, न जेवता पडून राहिले आणि म्हणाले, "रमा, हे कुणाला कळता कामा नये." रमाताईंनी शब्द दिला आणि पाळलाही. बाकी कुणाला हे पुढे कित्येक वर्षं कळलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी धर्मराज आला. त्याची आई भीमाबाई जासईकडून टोपली घेऊन यायची, आणि रमाताईंच्या दारात तिची बैठक ठरलेली. एकदा कोलंबी मोजता मोजता म्हणाली, "बाय, तुजा मालक आभालात बगतो ना? माझ्या पोराला बी तेच याड हाय. रातपाळीला बंदरावर क्रेन चालवतो आन वर बगत ऱ्हातो. एक दिस कंटेनर टाकील कुनाच्या डोक्यावर."

"पाठव त्याला," पाटणकर आतून ओरडले.

पोरगा उंच, काळासावळा, बोलायला लाजरा. दुर्बिणीला डोळा लावला तो काढीचना. मग हळूच म्हणाला, "काका, आजून वाईच बगू?" पाटणकर विरघळले. असा शिष्य कुणाला मिळतो? त्यांनी त्याला आरसा घासायला शिकवला, ताऱ्यांची नावं शिकवली, आणि टिकलीची युक्ती तर अगदी मिशीत हसत शिकवली. फक्त तो ठिपका आणि फिरणारी काच तेवढी सांगितली नाही. ती स्वतःची फजिती, ती काय सांगायची? गुरूनं शिष्यापुढे इतकं उघडं होऊ नये, असं त्यांना वाटलं. तिथे काही वाईट हेतू नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते. वाईट हेतू पुढे आला.

कारण धर्मराजचं बस्तान बसलं. बंदरात बढती झाली, सुकापूरला त्यानं छोटासा बंगला बांधला, वर ऐसपैस गच्ची. आणि बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या भावानं, प्रितेशनं, जपानहून दुर्बीण आणली. काय ती दुर्बीण! पांढरीशुभ्र, गुळगुळीत, नळ्याला मोटर. एकदा तारा धरला की मोटर सुंई सुंई करत त्याच्यामागे जायची, तारा जागचा हलायचा नाही. वर कॅमेरा लावायची सोय. पाटणकरांना बघायला बोलावलं तेव्हा त्यांनी चहा घेतला, दुर्बिणीभोवती फिरले, आणि काय म्हणाले असतील? "मोटरीचा आवाज जरा जास्त येतो, नाही?"

घरी येईपर्यंत अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. कालपर्यंत ज्याच्या आईकडून आपण बोंबील घेत होतो तो! ज्याला मृग कुठला आणि रोहिणी कुठली हे आपण बोट धरून दाखवलं तो! रमाताई म्हणाल्या, "बोंबील अजूनही तिच्याकडूनच घेतो आपण." पाटणकर म्हणाले, "तू गप्प बस."

पुढची कोजागरी तर कहरच झाली. अख्खी सोसायटी सुकापूरला. पाटणकरांच्या गच्चीवर वॉचमन महादू आणि दुधाचं भलंमोठं पातेलं. सुकापूरच्या गच्चीवर दिव्यांची माळ लागलेली इथून दिसत होती. आणि मग पाटणकरांनी जे केलं ते सांगायला नको, पण सांगते. चंद्रावरून नळा वळवला आणि त्या गच्चीवर रोखला. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. तशी ती सगळी शेजारीपाजारी मंडळी, अगदी वरच्या मजल्यावरचे कुलकर्णीसुद्धा, डोकं खाली पाय वर करून दूध पीत होती आणि हसत होती. मध्ये धर्मराज, पोरांना एकेक करून उचलून धरत होता. नळ्याला कुणी हात लावला तरी ओरडत नव्हता. पाटणकर ते उलटं सुख किती तरी वेळ बघत बसले. दूध मात्र घरात दोन दिवस पुरलं.

असा जळफळाट चालू असतानाच अठ्ठ्याण्णव साल उजाडलं. वर्षाच्या सुरुवातीला पेपरात बातमी होती की अवकाशातल्या दुर्बिणीला आपल्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याशेजारी काहीतरी संशयास्पद दिसलंय, ग्रह असेल किंवा नसेलही. कटिंग चहावाल्यापासून सगळे आठवडाभर तेच बोलत होते. आणि दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात, विश्वजीतच्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर फोटो आला. मधोमध काळी गोल टिकली, तिच्याभोवती ताऱ्याची फिकट कड, आणि उजव्या अंगाला इवलासा ठिपका. वर मथळा: 'पनवेलच्या गच्चीवरून परका ग्रह?' खाली धर्मराजचं नाव. फोमलहॉटचे त्यानं तीन संध्याकाळी फोटो काढले होते आणि तिन्ही संध्याकाळी ठिपका त्याच जागी होता.

पाटणकरांनी पेपर टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. रमाताई खांद्यावरून वाकल्या, चष्मा वर केला.

"अहो, हा तर आपला ठिपका!"

पाटणकर बघतच राहिले. आणि मग ते हसले. कितीतरी दिवसांनी पोटातून हसले. अरे, तिन्ही संध्याकाळी तिथेच असणार नाही तर काय! काच एकदा घट्ट बसवली असेल पठ्ठ्यानं, ठिपका कशाला हलतोय? दुसरा एखादा तारा बघितला असता तर त्यालाही ग्रह निघाला असता. पण आनंदात असलेला माणूस असलं काही करत नाही, हे पाटणकरांइतकं कुणाला ठाऊक होतं?

"फोन करा त्याला," रमाताई म्हणाल्या. "काच फिरवून बघ म्हणावं."

"करतो की. घाई काय आहे."

तो दिवस गेला, दुसराही गेला. पाटणकर शीळ घालत ऑफिसला जात होते. मंडळानं सत्कार जाहीर केला, रविवारी संध्याकाळी, हॉलमध्ये, शाल-श्रीफळ. ती शाल! पण पाटणकरांना आता शालीचं दुःख नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र तयार होतं: हॉल भरलेला, धर्मराजच्या अंगावर शाल, आणि तिसऱ्या रांगेतून आपण उठतो, नम्रपणे विचारतो, 'एक शंका आहे. काच फिरवून बघितलीत का?' बस्स. एवढंच. ते चित्र त्यांनी इतक्यांदा बघितलं की नम्रपणाचा आवाजसुद्धा पाठ झाला.

शुक्रवारी धर्मराज स्वतः आला. हातात पापलेटची पिशवी, चेहरा उतरलेला.

"काका, मला काय कळंना. लोक मला उचलून नाचायला लागलेत. विश्वजीतसाहेबांनी तर बॅनर लावला. मी आसा काय मोठा लागून गेलो? तुमी एकदा बगा. चुकलं आसंल तर तुमालाच दिसंल." त्यानं फोटो पुढे ठेवले. "तुमी बरोबर हाय म्हनलात तरच मी ष्टेजवर चढतो. नायतर नाय."

स्वयंपाकघराच्या दारात रमाताई उभ्या होत्या. पाटणकरांनी फोटो उचलले. खिडकीशी नेले. चष्मा पुसला, पुन्हा बघितले. एवढा वेळ मिळाला होता त्यांना, आणि समोरचा माणूस पायरीवर बसल्यासारखा खुर्चीच्या कडेवर टेकून वाट बघत होता. त्या वेळी ते काय विचार करत होते? ती कोजागरी. ती मोटर. उलटे लटकून दूध पिणारे कुलकर्णी.

"चुकायचं काय त्यात?" पाटणकर म्हणाले. "उत्तम आहे. जा, चढ स्टेजवर."

धर्मराजनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. तो जिना उतरून गेल्यावर रमाताईंनी पापलेटची पिशवी उचलली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी नाही खाणार हे." पाटणकरांनीही नाही खाल्लं. ते म्हणाले, भूक नाही.

रविवारी हॉल खरंच भरला. भीमाबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. पाटणकर तिसऱ्या रांगेत, खिशात काचेची पट्टी, प्रश्नाच्या वेळी दाखवायला. शेजारी रमाताई, ओठ घट्ट मिटलेले. विश्वजीतनं धर्मराजला चांगलंच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, पनवेलची माती काय, आगरी-कोळ्यांचं रक्त काय, विश्वाचं दार काय. धर्मराज अवघडून उभा. मग माईक त्याच्या हातात आला.

"मला बोलता येत नाय," तो म्हणाला. "दोनच गोष्टी सांगतो. ही टिकलीची युक्ती माझी नाय. पाटनकर काकांची हाय. मला त्यांनीच शिकवली. आन दुसरं. मला शंका व्हती, म्हनून मी परवा काकांच्या घरी गेलो. काकांनी फोटो तपासलं. बरोबर हाय म्हनलं. म्हनून मी हितं उभा हाय. नायतर आलोच नसतो. शाल घालायची तर पयली त्यांना घाला."

अहो, काय टाळ्या! लोक माना वळवून बघायला लागले. विश्वजीत स्टेजवरून धावतच खाली आले, पाटणकरांना दंडाला धरून वर नेलं. आणि घातली शाल. अबोली रंगाची, जरीच्या काठाची, बारा वर्षं जिची वाट बघितली ती. भीमाबाई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. "पाटणकरसाहेब, दोन शब्द!"

माईक समोर आला. खिशातली काच मांडीला टोचत होती. आता कसला प्रश्न विचारता? तपासलं तर तुम्हीच! पाटणकरांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. रमाताई त्यांच्याकडेच बघत होत्या, टाळ्या न वाजवता.

"धर्मा गुणी मुलगा आहे," ते म्हणाले. "धन्यवाद." आणि नारळ सांभाळत खाली उतरले.

शाल घरी आल्यावर रमाताईंनी घडी केली नाही. खुर्चीच्या पाठीवर पडली होती ती पडलीच. दोघांचं बोलणं कामापुरतं. पाटणकरांना भाजीवाला 'अभिनंदन' म्हणायचा, ऑफिसात साहेबांनी हात मिळवला, आणि प्रत्येक वेळी ते घाईनं विषय बदलायचे. आणि खरं सांगू का? त्याही अवस्थेत मनाच्या एका कोपऱ्यात कुरकुर चालूच होती, की सत्काराच्या बातमीत पहिलं नाव धर्माचं छापलं आणि माझं दुसरं.

पुढच्या गुरुवारी दिवेलागणीला बेल वाजली. धर्मराज. घामाघूम, हातात कॅमेरा दुर्बिणीला जोडायची कडी, काच तिच्यातच.

"काका, घात झाला. आपन दोगंबी चुकलो." तो दारातच बोलायला लागला. "फोटो चांगला निगावा म्हनून काल काच धुतली. परत लावली तर ठिपका दुसऱ्या अंगाला. मंग मी काच फिरवली, ठिपका फिरला. फिरवंल तिकडं फिरतो. काचेचाच हाय, आभालातला नाय."

पाटणकर खुर्चीत बसले.

"मी विश्वजीतसाहेबांकडं चाललोय. चुकलं म्हनून छापा म्हनतो. पन आदी तुमाला सांगाय आलो. तुमी काळजी करू नका. तुमचं नाव मी मदी येऊ देनार नाय. तुमी तपासलं ते मी सांगितल्यावरून तपासलं, घाईत बगितलं, आसं मी सांगतो. तुमी मोठं मानूस, माझ्यापायी तुमचं नाव खराब व्हायला नको."

आता बोला! या माणसाचा हेवा करून करून पाटणकर वाळले होते, आणि तो यांची अब्रू झाकायला धावत आला होता. पाटणकरांना त्याचा त्या क्षणी इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"अहो," रमाताई आतून येत म्हणाल्या, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

पाटणकर उठले, कपाटातून जुनी काचेची पट्टी काढली, टिकली अजून तिच्यावर होती, वाळलेली. ती टेबलावर ठेवली.

"हा ठिपका मला नऊ वर्षांपूर्वी दिसला होता," ते म्हणाले. "मी काच फिरवून बघितली होती."

धर्मराजनं पट्टी उचलली. उजेडाकडे धरली, परत ठेवली. तो हळूहळू समजत होता, आणि पाटणकरांना ते समजणं त्याच्या चेहऱ्यावर येताना बघावं लागलं.

"मी फोटो घेऊन आलो तवा?" त्यानं विचारलं. "शुक्रवारी? तवा ठावं व्हतं?"

"हो."

"मी विचारलं व्हतं तुमाला, काका."

"हो."

तो शिवीगाळ करेल असं पाटणकरांना वाटलं, करावी असंही वाटलं. त्यानं पायात चपला सरकवल्या, कॅमेऱ्याची कडी उचलली आणि रमाताईंना "येतो, काकू" म्हणून जिना उतरला.

पुढच्या अंकात चार ओळी आल्या. ठिपका काचेतला निघाला, ग्रह नाही, चूक माझी एकट्याची, पाटणकर काकांचा दोष नाही, धर्मराज. बस्स. गावानं दोन दिवस त्याची थट्टा केली. पोरं त्याच्या बंगल्यावरून जाताना "ग्रह दिसला रे" ओरडायची. आणि विश्वजीत स्टेशनवर भेटले तेव्हा पाटणकरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा, शेवटी जुनं ते सोनंच! येत्या कोजागरीला आपण तुमच्याच गच्चीवर!" जे जे हवं म्हणून पाटणकर जळत होते ते सगळं एका झटक्यात पदरात पडलं. ते कुणी भेटू नये म्हणून आडवाटेनं घरी आले.

भीमाबाई आता येणार नाही, हे ते धरूनच चालले होते. पण दोन आठवड्यांनी दारात तिची हाक आली, नेहमीसारखीच. टोपली टेकवली, पदरानं तोंड पुसलं. आणि तिच्या बोलण्यावरून एक गोष्ट स्वच्छ कळली. धर्मराजनं आईला काही सांगितलंच नव्हतं.

"बाय, माजं पोर याडं हाय. तुज्या मालकाचं नाव खराब केलं आसतं त्यानं. मी लय बोलली त्याला. मनात ठेवू नका हां." भीमाबाईनं टोपलीच्या कडेला कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून पाटणकरांच्या हातात दिलं. "पोरानं दिलंय. लाज वाटते म्हनून आला नाय मेला."

पाटणकरांनी कागद उलगडला. दुर्बिणीत बसेल एवढी एक कडी होती. तिच्यात मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉनचा बारीक धागा आडवा-उभा ताणून बांधलेला, केसाहून जरा जाड. आणि दोन धाग्यांच्या छेदावर, अगदी मधोमध, एक काळी टिकली. काच कुठेच नव्हती. पाटणकरांच्या डोक्यात पहिला विचार आला तो लख्ख हेव्याचाच: धागा! अरे, हे मला नऊ वर्षांत का नाही सुचलं?

"आजून काय म्हनला?" भीमाबाईनं स्वतःलाच विचारलं, मासळीवरच्या माश्या वारत. "हां. म्हनला, काकांना सांग, यात काच नाय. आता खुशाल बगा."

त्या संध्याकाळी पाटणकर एकटेच गच्चीवर गेले. कडी बसवली. माशाच्या तोंडातला तो तारा टिकलीमागे घेतला. उजवीकडे बघितलं, डावीकडे, खाली. कुठेही काही नव्हतं, नुसता स्वच्छ काळोख. सुकापूरच्या गच्चीवर दिवा लागलेला होता, आणि पाटणकरांना माहीत होतं, की धर्मराजही आत्ता हाच काळोख बघत असणार, आणि त्याला त्याचं काही वाटत नसणार. त्यांनी डोळा काढला नाही. रमाताई जेवायला बोलवायला वर आल्या तेव्हा ते तसेच वाकलेले होते आणि रडत होते.

"काय दिसतंय?" रमाताईंनी विचारलं.

"काही नाही गं," पाटणकर म्हणाले. "काहीच नाही."